गहू, दुष्काळ आणि निदान : सिलिॲक आजाराच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना

गव्हाची पोळी हे उत्तर भारतातील कोट्यवधी घरांचे रोजचे अन्न आहे आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत महाराष्ट्रातील ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरांतही तिने आपले स्थान पक्के केले आहे. याच अन्नातील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही व्यक्तींच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते. अन्नाचे शोषण नीट होत नाही, मुलांची वाढ खुंटते, प्रौढांना वर्षानुवर्षे न हटणारा रक्तक्षय जडतो. या विकारास सिलिॲक आजार म्हणतात. तो संसर्गजन्य नाही आणि ती गव्हाची ॲलर्जीही नव्हे. जन्मजात प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच आतड्यावर उलटते, असे त्याचे आजचे स्पष्टीकरण आहे. खात्रीचा उपाय आजही एकच आहे : गहू, जव आणि राय ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य करणे.

या आजाराचे आधुनिक वर्णन १८८७ साली झाले. त्यामागे गहू आहे हे सप्रमाण मांडले गेले ते १९५० साली. जे अन्न रोज ताटात होते त्याच्याकडे बोट दाखवण्यास वैद्यकास त्रेसष्ट वर्षे का लागावीत, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा असा आहे. या काळात पथ्याचा विचार सतत होत होता. मात्र आजारी मुलाला काय खाऊ घालावे, असा प्रश्न विचारला जात होता. त्याचे काय बंद करावे, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. पुढील काळात निदानाची साधने बदलली आणि प्रत्येक साधनागणिक रुग्ण कोणास म्हणावे याची व्याख्याही बदलत गेली. भारतात तर हा आजार कुपोषण आणि अतिसार यांच्या गर्दीत दीर्घकाळ हरवलेला राहिला. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा मागोवा घेतला आहे.

नावाचा वारसा

आशिया मायनरमधील कॅपाडोशिया प्रांतातील ॲरेटियस या ग्रीक वैद्याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास एका जुनाट पोटविकाराचे वर्णन केले. अन्न न पचता बाहेर पडणे, शरीर कृश होणे आणि विकार पुनःपुन्हा उलटणे ही लक्षणे त्याने नोंदवली. ग्रीक भाषेत उदरास जो शब्द आहे त्यावरून त्याने या रुग्णांना नाव दिले आणि तेच नाव पुढे युरोपीय वैद्यकात आले. १८५६ साली फ्रान्सिस ॲडम्स यांनी त्याच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर हे वर्णन इंग्रज वैद्यांच्या वाचनात सहज येऊ लागले.

ॲरेटियसचे रुग्ण आजच्या अर्थाने सिलिॲक होते असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. जुलाब, कृशता आणि चिकाटीचा विकार एवढ्या लक्षणांत आतड्याचा क्षय, जंत, आव असे अनेक आजार बसतात. आयुर्वेदातील ग्रहणी किंवा मराठीतील संग्रहणी या संज्ञांबाबतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. चरकसंहितेत ग्रहणीवर ताकाचे महत्त्व सांगितले आहे हे खरे. तथापि त्यावरून प्राचीनांना ग्लुटेनचा विकार ठाऊक होता असे अनुमान काढणे म्हणजे आजचे ज्ञान कालच्या ग्रंथात पेरणे होय. असा आजार प्राचीन काळी अस्तित्वात असावा, याचे संकेत अन्यत्र मिळतात. इटलीतील कोसा या रोमन वसाहतीत सापडलेल्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका तरुणीच्या सांगाड्यावर दीर्घ कुपोषणाच्या खुणा आहेत, आणि तिच्या अस्थींतून मिळालेल्या जनुकीय द्रव्यात या आजाराशी निगडित घटक आढळला. तिचे दागिने संपन्न घरातले होते. अन्नाची ददात नसताना ती खंगली, हेच त्या पुराव्याचे मोल.

योग्य दिशा, चुकीचे धान्य

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात ५ ऑक्टोबर १८८७ रोजी सॅम्युएल गी यांनी दिलेले व्याख्यान हा या इतिहासाचा पहिला पक्का टप्पा मानला जातो. पुढील वर्षी ते सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या अहवालात छापून आले. हा विकार कोणत्याही वयात होतो, पण विशेषतः एक ते पाच वर्षांच्या मुलांत दिसतो. मळ फिकट, पुष्कळ आणि दुर्गंधीयुक्त असतो. पोट फुगते आणि हातपाय वाळतात. आजार महिनोन् महिने रेंगाळतो, असे त्यांचे वर्णन आहे. त्यांच्याजवळ प्रयोगशाळेचा कोणताही आधार नव्हता. तरीही रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असा निर्वाळा त्यांनी दिला.

गी यांच्या पथ्याचा तपशील पाहिला की या इतिहासातील विसंगती डोळ्यांत भरते. पिष्टमय पदार्थ कमी करावेत हे त्यांनी बरोबर ताडले. परंतु तांदूळ, साबुदाणा आणि मक्याचे पीठ हे पदार्थ त्यांनी अयोग्य ठरवले आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजलेल्या पावाच्या पातळ कापास परवानगी दिली. आज नेमके उलटे सांगितले जाते. एका मुलाची हकिकतही त्यांनी नोंदवली आहे. त्यास रोज हॉलंडच्या उत्तम शिंपल्यांतील मांस भरपूर खाऊ घातले असता त्याची प्रकृती सुधारली. शिंपल्यांचा हंगाम संपताच तो पुन्हा ढासळला आणि पुढच्या हंगामात त्याने ते खाण्यास साफ नकार दिला. शिंपल्यांनी त्या मुलाच्या ताटातील पावाची जागा घेतली असावी, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

न्यूयॉर्कचे ख्रिश्चन हर्टर यांनी १९०८ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि आतड्यातील जिवाणूंचा दीर्घ संसर्ग हे कारण मांडले. ते कारण टिकले नाही. पण पिष्टमय पदार्थांपेक्षा स्निग्ध पदार्थ या मुलांना अधिक सोसतात, हे त्यांचे निरीक्षण पुढील वैद्यांनी उचलले. काही काळ हा आजार गी-हर्टर रोग या जोडनावाने ओळखला जात असे.

त्यानंतरचा अध्याय केळ्याचा आहे. न्यूयॉर्कमधीलच बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ साली दहा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. केळ्यांचे पथ्य दिलेली आठ मुले सुधारली. ज्यांना ते दिले नव्हते अशी दोन दगावली. हास यांच्या आहारातून पाव, बिस्किटे, बटाटे आणि सर्व प्रकारची धान्ये वगळलेली होती. म्हणजेच गहू बंद झाला होता. श्रेय मात्र केळ्यास मिळाले. ज्या आजारात पूर्वी अनेक मुले दगावत असत, त्यात हे पथ्य खरोखरच प्राण वाचवणारे ठरले, त्यामुळे त्याची ख्याती अमेरिकाभर पसरली.

यशस्वी उपचाराने चुकीच्या सिद्धान्तास बळ कसे मिळते, याचे हे उत्तम उदाहरण होय. पिष्टमय पदार्थ हाच अपराधी आणि आजार तात्पुरता, असे हास मानत. या समजुतीनुसार बरे झालेले मूल कालांतराने सर्वसाधारण आहाराकडे वळू शकत असे. युरोपातील संशोधनाने गव्हाकडे बोट दाखवल्यानंतरही हास यांनी आपले मत सोडले नाही. १९५१ साली आपल्या मुलासह त्यांनी लिहिलेल्या पुस्तकातही तीच मांडणी आहे. १९६४ साली त्यांचे निधन झाले. बाह्य लक्षणे गेली म्हणून पुन्हा गहू खाऊ लागलेल्या मुलांच्या आतड्यांचे पुढे काय झाले असेल, हे तपासण्याचे साधन त्या काळी नव्हते.

डिके आणि उपासमारीचा हिवाळा

नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके (१९०५–१९६२) यांच्याविषयी एक लोकप्रिय कथा पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. ती थोडक्यात अशी : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देशात अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला आणि सगळी मुले खंगत असताना सिलिॲक मुले मात्र सुधारली; मग दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी अन्न टाकले, पाव परत आला आणि ती मुले पुन्हा आजारी पडली; हे पाहून डिके यांना गव्हाचा दोष उमगला. कथा सुंदर आहे, आणि तिच्यात तथ्यांशही आहे. पण तिचा कालक्रम चुकलेला आहे.

डिके १९३६ साली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, हेग येथील युलियाना बालरुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले. १९३०च्या दशकाच्या मध्यापासून ते गहूविरहित आहाराचे प्रयोग करीत होते. आपल्या मुलाचा पाव बंद केला की त्याच्या तक्रारी झपाट्याने कमी होतात, असे एका तरुण आईने सांगितल्यामुळे त्यांचे लक्ष या बाजूस वळले, अशी त्यांच्या सहकाऱ्यांची आठवण आहे. १९४१ साली डच वैद्यकीय नियतकालिकात गी-हर्टर रोगासाठी एक साधा आहार सुचवणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यात पाव व रस्क वर्ज्य करण्यास सांगितले होते. अन्नटंचाईचा तो भीषण हिवाळा त्यानंतर तीन वर्षांनी आला. एका आईचे निरीक्षण गंभीरपणे ऐकून घेणारा वैद्य, हे या शोधाचे खरे उगमस्थान दिसते. विमानातून पडणाऱ्या पोत्यांचे नाट्य त्यात नसल्यामुळे ते मागे पडले असावे.

तो हिवाळा मात्र खरोखर भीषण होता. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याच्या साह्यार्थ डच रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. प्रत्युत्तरादाखल जर्मन सत्तेने पश्चिमेकडील शहरांची अन्नवाहतूक रोखली. कालवे गोठले. ॲम्स्टरडॅम, हेग, रॉटरडॅम या शहरांतील माणसे शर्कराकंद आणि ट्युलिपचे कंद शिजवून खाऊ लागली. सुमारे २० हजार माणसे दगावली असा अंदाज आहे. १९४५ च्या प्रारंभी स्वीडनहून आलेल्या मदतीतून पांढरा पाव मिळू लागला आणि एप्रिलच्या अखेरीपासून विमानांतून अन्न टाकण्यात आले.

या काळातील अनुभवाने डिके यांचा विश्वास दृढ झाला, हे मान्य करावे लागते. परंतु पुरावा म्हणून दुष्काळाचे मोल मर्यादितच असते, कारण दुष्काळात एकच वस्तू नाहीशी होत नाही. पावाबरोबर लोणी, साखर, दूध, मांस सारेच आटते. मूल सुधारले ते गहू गेल्यामुळे की स्निग्ध पदार्थ कमी झाल्यामुळे, याचा निवाडा दुष्काळ करू शकत नाही. त्यासाठी एकेक पदार्थ ठरवून द्यावा लागतो, ठरवून काढावा लागतो आणि दोन्ही वेळी एकाच मापाने मोजावे लागते. युद्धानंतर डिके यांनी तेच केले.

उत्रेख्त येथील बालरोगतज्ज्ञ वेयर्स आणि जीवरसायनतज्ज्ञ फान दे कामेर हे त्यांचे सहकारी होते. मळातील स्निग्धांश न वाळवता, जलद आणि अचूक मोजण्याची पद्धत फान दे कामेर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली. मुलाने खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांपैकी किती भाग शरीरात शोषला गेला हे त्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. मुलांना काही काळ गहूविरहित आहार, मग गव्हाचा आहार, मग पुन्हा गहूविरहित आहार द्यायचा. वजनाचा आलेख आणि शोषणाचे प्रमाण नोंदवत राहायचे. असा हा चिकाटीचा उद्योग होता. काही धान्यांच्या अपायकारक परिणामांवरील त्यांचा प्रबंध १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात सादर झाला. गहू आणि राय अपायकारक, तर तांदूळ, मका व बटाटा निरुपद्रवी, हे त्यातून पुढे आले. पिष्टमय पदार्थ सरसकट दोषी नाहीत, हे निश्चित झाले. गी यांनी वर्ज्य केलेल्या तांदळाची निर्दोष सुटका झाली, ती त्रेसष्ट वर्षांनंतर.

गव्हातील नेमका कोणता अंश अपायकारक, याचे उत्तर १९५२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लॅन्सेटमधील निबंधाने दिले. पीठ मळून पाण्याखाली धुतले की पांढरे सत्त्व पाण्याबरोबर निघून जाते आणि चिकट, रबरासारखा गोळा हाती राहतो. तो गोळा म्हणजे ग्लुटेन. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या गृहिणीस ही विभागणी अपरिचित नाही. सत्त्व दिले असता मुलांना बाधा झाली नाही, ग्लुटेन दिले असता झाली. (घरगुती चिकात ग्लुटेनचा अंश राहतो, त्यामुळे कुरडई निर्धोक ठरत नाही, हे येथे नोंदवणे इष्ट.) डच संशोधकांचे निबंध बालरोगविषयक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात १९५३ मध्ये आले आणि ग्लुटेनमधील अल्कोहोलमध्ये विरघळणारा ग्लायाडिन हा भाग विशेष अपायकारक असल्याचे त्यांनी दाखवले. डिके १९५७ मध्ये उत्रेख्तला प्राध्यापक झाले. पाच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

अस्तराचा पुरावा, रक्ताचा पुरावा

गहू दोषी ठरला तरी तो शरीरात नेमके काय बिघडवतो हे दिसलेले नव्हते. मृत रुग्णांच्या आतड्याचे अस्तर तपासले असता ते सपाट दिसे; पण मृत्यूनंतर अस्तर फार लवकर कुजते, त्यामुळे तो मरणोत्तर बदल समजून दुर्लक्षिला गेला. १९५४ साली इंग्लंडमधील जॉन पॉली यांनी जिवंत रुग्णांच्या पोटावरील शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले नमुने तपासले. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात; मराठीत त्यांस रसांकुर म्हणतात. अन्नरसाचे शोषण त्यांच्यामार्फत होते. पॉली यांच्या रुग्णांमध्ये ते झिजलेले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी लंडनमध्ये मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा मिळवण्याची पद्धत आणली, आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या सैन्यातील वैद्य विल्यम क्रॉस्बी यांची कुपी आली. नळीच्या टोकाची ती छोटी धातूची कुपी रुग्णाने गिळायची, ती योग्य जागी पोचल्याचे क्ष-किरणांनी पाहायचे, हवा ओढली की अस्तराचा कण आत येतो आणि आतली पात तो कापते. सायरस रुबिन यांनी १९६० साली मुलांचा सिलिॲक आजार आणि प्रौढांतील तथाकथित स्प्रू यांतील अस्तराची विकृती एकसारखीच असल्याचे दाखवले. दोन वेगळ्या नावांनी वावरणारा आजार एक झाला.

या साधनाने निदान बळकट झाले, पण ते कठोरही झाले. १९६९ साली इंटरलाकेन येथे युरोपीय बालतज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार मुलाच्या आतड्याचा तुकडा तीन वेळा घ्यावा लागे : गहू चालू असताना, बंद केल्यावर सुधारणा दिसल्यावर, आणि मुद्दाम पुन्हा गहू खाऊ घातल्यावर. बऱ्या झालेल्या मुलाला शास्त्रीय खात्रीसाठी पुन्हा आजारी पाडणे, हा त्यातील नैतिक पेच होता. १९९० साली ही अट बहुतांश रुग्णांपुरती शिथिल झाली.

दरम्यान रक्तातील प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या विकसित होत होत्या. ग्लायाडिनविरोधी प्रतिपिंडांची चाचणी आधी आली, पण ती पुरेशी नेमकी नव्हती. ऑस्लो येथे लुडविग सॉलिड आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली डीक्यू-२ या आनुवंशिक घटकाशी आजाराचे नाते स्पष्ट केले. १९९७ साली बर्लिन येथील डीटरिख, शुपान आणि सहकाऱ्यांनी रुग्णाचे प्रतिपिंड शरीरातील ऊती-ट्रान्सग्लुटामिनेज या विकरावर रोखलेले असतात हे शोधले. त्यावर आधारित रक्तचाचणी स्वस्त, सोपी आणि विश्वसनीय ठरली. मग हजारो निरोगी दिसणाऱ्या व्यक्तींचे रक्त तपासता येऊ लागले. अमेरिकेत १३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या २००३ सालच्या अभ्यासात धोक्याचे कारण नसलेल्या सामान्यांतही १३३ मागे एकास हा आजार आढळला. जुलाब आणि फुगलेले पोट ही लक्षणे अनेकांत नव्हतीच. होता तो रक्तक्षय, ठिसूळ हाडे, वंध्यत्व, खुंटलेली उंची. आजार वाढला असेलही. पण प्रथम वाढली ती त्याला पाहण्याची क्षमता. युरोपीय बालतज्ज्ञांनी २०१२ मध्ये आणि अधिक सुलभपणे २०२० मध्ये असे मान्य केले की रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असून दुसऱ्या नमुन्यात वेगळ्या चाचणीनेही खात्री झाली, तर मुलांत आतड्याचा तुकडा न घेताही निदान करता येते.

भारतातील अदृश्यता

वसाहतकाळात भारत, सिलोन, जावा येथील युरोपीय लोकांत आढळणाऱ्या जुनाट जुलाबास स्प्रू म्हणत. तो उष्ण कटिबंधाचा आजार, तर सिलिॲक हा समशीतोष्ण प्रदेशातील गोऱ्या मुलांचा, अशी विभागणी वैद्यकात रूढ झाली. स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बेकर आणि मथन यांनी दक्षिण भारतातील स्प्रूच्या साथींचा मोलाचा अभ्यास केला, आणि तो आजार तिकडे खराखुरा होताच. अडचण अशी की, वारंवार होणाऱ्या आतड्याच्या संसर्गांमुळे या भागातील वरकरणी निरोगी माणसांचे रसांकुरही काहीसे बोथट आढळतात. युरोपात निर्णायक ठरलेला अस्तराचा पुरावा येथे संदिग्ध झाला.

१९६६ साली वालिया आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतीय मुलांतील सिलिॲक आजाराचा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे भारतात आले आणि हरितक्रांतीस चालना मिळाली. हा निव्वळ योगायोग होय. तरी भारतीय गव्हाचा इतिहास लिहिताना या दोन नोंदी शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. १९७३ साली बर्मिंगहॅमहून नेल्सन, मॅकनीश आणि अँडरसन यांनी आशियाई स्थलांतरितांच्या मुलांतील या आजाराची नोंद लॅन्सेटमध्ये केली. या अँडरसन म्हणजे १९५२ च्या निबंधातील शार्लट अँडरसनच. भारतीय वंशाच्या मुलांना हा आजार होऊ शकतो, याबद्दल त्यानंतर शंका उरू नये अशी अपेक्षा होती. पण भारतातील बालरुग्णालयांत फुगलेल्या पोटाचे, वाळलेल्या हातापायांचे मूल आले की कुपोषण हा शब्द आधी सुचे. त्यात डॉक्टरांचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल. शंभरांपैकी बहुसंख्य मुलांत ते निदान खरेच असे. उरलेल्यांना मात्र पौष्टिक आहार म्हणून पोळी, दलिया आणि बिस्किटे सुचवली जात असणार, हे कटू असले तरी टाळता न येणारे अनुमान आहे.

चित्र पालटले ते रक्तचाचणीमुळे. पंजाबातील लुधियाना येथील ४,३४७ शाळकरी मुलांच्या पाहणीत (२००६) सूद आणि सहकाऱ्यांना ३१० मागे एक रुग्ण आढळला. दिल्ली परिसरातील लोकसंख्येत मखारिया आणि सहकाऱ्यांना (२०११) हे प्रमाण ९६ मागे एक असे मिळाले. म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या बरोबरीचे. सर्वांत उद्बोधक अभ्यास रामकृष्ण आणि सहकाऱ्यांचा २०१६ सालचा होय. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील २३,३३१ प्रौढांच्या या पाहणीत हजारी प्रमाण उत्तरेत ८.५३, ईशान्येत ४.६६ आणि दक्षिणेत केवळ ०.११ आढळले. आजारास अनुकूल असे आनुवंशिक घटक मात्र तिन्ही प्रदेशांत जवळपास सारखेच, सुमारे एक-तृतीयांश लोकांत होते. गव्हाचे रोजचे सरासरी सेवन उत्तरेत ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्य आणि दक्षिण यांच्यात गव्हाचा फरक थोडा असून आजाराचा फरक मोठा आहे, त्यामुळे गहू हे एकमेव स्पष्टीकरण पुरत नाही. परंतु प्रवृत्ती असूनही भात खाणारा समाज मोठ्या प्रमाणावर बचावलेला आहे, एवढे यातून निश्चित दिसते.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधोमध आहे. कोकणात भात आणि नाचणी, देशावर ज्वारी-बाजरी, अशी येथील जुनी धान्यव्यवस्था, पोळी सणावारी. शिधापत्रिकेवरील गहू, शहरी डबा आणि बेकरी यांनी ती व्यवस्था बदलली. पिढ्यानुपिढ्या भाकरी खाणाऱ्या घरात आज पोळी दोन्ही वेळा होते आणि भाकरी रविवारी. पंजाब-हरियाणाचा आजार म्हणून महाराष्ट्रातील वैद्यकाने या विकाराकडे पाहणे त्यामुळे आता परवडणारे नाही.

चाचणी आणि पथ्य : व्यवहारातील प्रश्न

निदानाच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. गहू सोसत नाही अशी शंका येताच घरीच पोळी बंद केली जाते, बरे वाटू लागते, आणि मग काही महिन्यांनी चाचणी होते. तोवर प्रतिपिंड ओसरलेले असतात, अस्तरही भरून येऊ लागलेले असते. चाचणी नकारात्मक येते. म्हणून चाचणी होईपर्यंत गहू चालू ठेवणे आवश्यक असते. प्रथम ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी ए-वर्गीय प्रतिपिंड आणि त्याबरोबर त्या वर्गातील एकूण प्रतिपिंडांचे प्रमाण तपासतात, कारण काही व्यक्तींच्या रक्तात तो वर्गच कमी असतो आणि चाचणी फसवी ठरते. प्रौढांत त्यानंतर दुर्बिणीद्वारे आतड्याचे नमुने घेतात. आनुवंशिक चाचणी नकारात्मक आली तर आजार जवळजवळ नाकारता येतो. सकारात्मक आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तो घटक असलेल्या बहुसंख्यांना आजार कधीच होत नाही. लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय, पहिल्या प्रकारचा मधुमेह, अकारण खुंटलेली उंची, किंवा जवळच्या नात्यात रुग्ण असणे, अशा स्थितीत ही चाचणी सुचवली जाते.

पथ्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर खरे तर सुदैवी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, सर्व डाळी यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. उपवासाचे बहुतेक पदार्थ या रुग्णांना चालतात. तरीही फसगती ठरलेल्या आहेत. खपली गहू मधुमेहास बरा म्हणून सांगितला जातो, तोही गहूच आहे. रवा, मैदा, दलिया आणि शेवया ही गव्हाचीच रूपे असल्याचे ध्यानात येत नाही. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांत बहुधा गहू असतो, सातूच्या पिठात जव किंवा गहू. बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते, म्हणजे वरणाच्या फोडणीतूनही ग्लुटेन पोटात जाते. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो आणि प्रसाद नाकारणे हा केवळ आहाराचा प्रश्न राहत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण याहून मोठी, कारण खाणावळीत त्याच तव्यावर पोळी आणि भाकरी होते.

ग्लुटेनमुक्त अन्नासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने २००८ साली किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. भारतीय अन्नसुरक्षा नियमांतही तीच आहे. वेष्टनबंद मालाला ही मर्यादा लावता येते. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला ती लावता येत नाही. गव्हानंतर त्याच जात्यातून निघालेले ज्वारीचे पीठ पिशवीवर ज्वारीचेच असते, पण पाट्यांत अडकलेला गहू त्यात आलेला असतो. ज्या घरात रुग्ण आहे तेथे यावर निघालेले उपाय साधे आहेत : घरगुती छोटी गिरणी, दगडी जाते, किंवा गिरणीवाल्याशी बोलून पाट्या साफ केल्यावर, गहू सुरू होण्यापूर्वी पहाटेचे पहिले दळण आपले ठेवणे.